नव्वद ते एकशे दहा

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला कंप सुटला होता, पण चोवीस तास नव्हे. ८० पर्यंत गाडी सज्जनासारखी चालायची. ९० ला हातांना मुंग्या यायच्या. १०० ला मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते कळायचं नाही. ११० च्या पुढे गेलं की पुन्हा सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं.

"मग सरळ एकशे वीसनेच चालव ना," बायको म्हणाली.

तिच्या बोलण्यात विज्ञान होतं, हे कबूल करायला हवं. चाकाच्या फिरण्याचा ठेका आणि सस्पेन्शनची स्वतःची लय एका विशिष्ट वेगाला जुळतात, तेव्हा थरथर शिगेला पोचते; तो वेग ओलांडला की हाताला जाणवेनाशी होते. टायर, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि बेरिंग यांची धुलाई मात्र आत चालूच राहते. शिवाय वेगमर्यादेची पाटी लावणाऱ्यांना लय वगैरे समजावून सांगता येत नाही.

गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी गाडी स्वतः चालवून पाहिली. गॅरेजसमोरचा रस्ता असा, की दोन गतिरोधकांमध्ये तिसरा गियर पडला तरी पेढे... असो. गाडी ४० ला पोचली आणि परत आली.

"काही नाही साहेब. एकदम स्मूथ आहे."

"अहो, ९० ला होतं."

"मग नव्वदने कशाला चालवता?"

म्हणजे घरचा सल्ला १२० चा, गॅरेजचा ४० चा, आणि दोघांचंही एकमत की दोष गाडीचा नसून नव्वदचा आहे.

एव्हाना बातमी पसरली होती. गाडीच्या दुखण्याचं एक बरं असतं, ज्याला लायसन्स आहे तो प्रत्येक जण डॉक्टर. आणि यातले दहापैकी नऊ डॉक्टर एकच औषध देतात: "अलाइनमेंट करून घे." स्टिअरिंग थरथरतंय? अलाइनमेंट. ब्रेक लावल्यावर पेडल धडधडतंय? अलाइनमेंट. काच खाली होत नाही असं सांगितलं असतं, तरी एकाने अलाइनमेंटच सुचवलं असतं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. आमची गाडी रुळावरून चालावी तशी सरळ जात होती. फक्त थरथरत जात होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला देण्याची परंपरा वाहनक्षेत्राने किती निष्ठेने जपली आहे, हे बिल हातात आल्यावर कळतं.

तेव्हा ठरवलं, आधी कंपाची उलटतपासणी घ्यायची, मग पैसे. त्यासाठी सगळं कुटुंब महामार्गावर नेलं. बायको पुढच्या सीटवर, चिरंजीव मागच्या सीटवर, अर्धी भरलेली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. ("पाण्यात तरंग दिसले की सांग." "तहान लागली तर?" "तर तरंग बघून मग पी.")

पहिला प्रश्न: ब्रेक लावल्यावर वाढतोस का? वाढला असता, तर पुढच्या ब्रेक डिस्क सगळीकडे सारख्या जाडीच्या राहिलेल्या नाहीत, असा संशय घेता आला असता. नाही वाढला. दुसरा: रेस दिल्यावर वाढतोस का? तसं असतं, तर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचे सांधे. तेही नाही. मग रिकामा, सरळ रस्ता बघून १०० ला गाडी क्षणभर न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, थरथर तशीच. इंजिन निर्दोष सुटलं. उरली ती चाकं. आणि पाण्यात तरंग नव्हते, सीट शांत होती, नाचत होतं ते फक्त स्टिअरिंग. म्हणजे बहुधा पुढची चाकं.

चाकाचं नाव निघालं की बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, आलंच, आणि ते रास्तही आहे. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन कमी-जास्त असलं, तर १०० च्या वेगाला ते सुमारे तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतं, आणि खेचण्याची दिशा सेकंदाला चौदा-पंधरा वेळा गोल फिरते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणून गल्लीतलं साधुत्व महामार्गावर टिकत नाही. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखलसुद्धा एवढं करू शकतो.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाकं चढली, फिरली, वजनं ठोकली, आणि पडद्यावर दोन्हीकडे शून्य आलं. मशीनवाल्याने ते शून्य मला निकालपत्रासारखं दाखवलं. पैसे दिले. महामार्ग. ९०. मुंग्या.

परत आलो, तर तो म्हणाला, "शून्य आलंय साहेब," आणि विषय संपवला. पण ते शून्य एवढंच सांगतं की वजन सगळीकडे सारखं वाटलं गेलंय. चाक गोल आहे का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. वाकड्या रिमलाही वजनं लावून शून्य आणता येतं.

मग मी सगळ्यात स्वस्त चाचणी केली: पुढची चाकं मागे, मागची पुढे. महामार्गावर ९० झाले, १०० झाले, स्टिअरिंग अगदी निश्चल. आणि मागून चिरंजीव ओरडले, "बाबा, तरंग! तरंग!" बाटलीतलं पाणी थरथरत होतं, सीट थरथरत होती, त्याचा आवाजही थरथरत होता. मी आनंदाने ओरडलो, "मागे गेला!" बायकोने आधी माझ्याकडे आणि मग मागे पाहिलं. बिघाड दुरुस्त न होता नुसता मुलाच्या सीटखाली सरकला, याचा बापाला एवढा हर्ष का व्हावा, हे तिला त्या दिवशी मी नीट समजावू शकलो नाही.

आता मागच्या दोनांतलं कुठलं? एक काढून स्टेपनी लावली, तरंग गेले. काढलेलं चाक मी मशीनवर हळू फिरवायला सांगितलं आणि रिमच्या कडेजवळ पेन स्थिर धरलं. बाहेरची कड नीट होती. आतली कड एका जागी पेनला टेकली आणि पुढे सरकून लांब गेली. प्रत्येक फेरीत, त्याच जागी. कुठल्यातरी खड्ड्याची सही होती ती, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. टायरला फुगा आलेला नव्हता हे नशीब. तो असता, तर चाचण्या-बिचण्या सोडून टायर तिथेच टाकावा लागला असता.

"हे मी सांगतच होतो," मशीनवाला म्हणाला, "रिम बघून घ्या म्हणून."

स्टेपनी आता गाडीला आहे, आणि नवी रिम येईपर्यंत ते वाकडं चाक डिकीत, स्टेपनीच्या हुद्द्यावर.

"आणि वाटेत पंक्चर झालं तर?" बायकोने विचारलं.

"तर हेच लावायचं. मागे. आणि ८० च्या आत चालवायची."

"मी कुठे बसायचं?" मागून प्रश्न आला.