मेगाडंजन निवडताना खोल्या मोजू नका

आम्ही दर रविवारी टेबलाभोवती बसून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा पात्रं रंगवायचा खेळ खेळतो. त्यातल्या एका मित्राने परवा विचारलं, "आता मी डीएम होणार. छापील डंजनच घ्यायचंय. सगळ्यात मोठं कुठलं?" डीएम म्हणजे खेळ चालवणारा, डंजन म्हणजे खेळाडूंनी धुंडाळायची खोल्या-बोगद्यांची भूमिगत जागा, आणि ती अवाढव्य असली की मेगाडंजन. फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आकाराला मी फारशी किंमत देत नाही. २००४ साली 'वर्ल्ड्स लार्जेस्ट डंजन' आलं, ८०० हून जास्त पानांचं. वाचताना सतत जाणवत राहिलं की शेजारच्या खोलीत कोण राहतं याची तिथे कुणाला खबरच नाही. वर्षभर दर रविवारी जिथे जायचं ती जागा इतकी परकी असून भागत नाही.

मी आधी नकाशा उघडतो आणि पहिल्या लेव्हलवरून (मजल्यावरून) खाली जायच्या वाटा मोजतो. एकच जिना असेल तर पुस्तक मिटतो. जेनेल जॅक्वेज यांचं 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' १९७९ चं, पण वाटांच्या बाबतीत आजही त्याच्या जवळपास जाणारी पुस्तकं थोडीच. खाली उतरायला अनेक मार्ग, काही उघड, काही लपलेले, आणि फिरून पुन्हा ओळखीच्या दालनात आणून सोडणारे बोगदे. अशा रचनेसाठी डंजन लिहिणाऱ्यांनी त्यांच्याच आडनावाचं क्रियापद केलं. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा कधीही न भेटलेल्या माणसासाठी मला मनापासून वाईट वाटलं.

मग बघतो, तिथे राहतं कोण आणि त्यांचं एकमेकांशी काय वाकडं आहे. थ्रेशियात मृत्युदेव थॅनॅटॉसचा पंथ आहे, सरडेमानव आहेत, मिनोटॉर राजाच्या हाताखालचे पशुमानव आहेत. खेळाडूंनी एकाशी हातमिळवणी केली की ते दुसऱ्याच्या डोळ्यांत सलू लागतात. पुढची गोष्ट मला घरी बसून रचावी लागत नाही.

आणि आमचं टेबल मराठीत चालतं. खेळाडूंना वाचून दाखवायचा चौकटीतला लांबलचक इंग्रजी मजकूर समोर असला की मी मनातल्या मनात भाषांतर करत अडखळतो, तोवर मंडळी मोबाइल काढतात. म्हणून मायकल कर्टिस यांचं 'स्टोनहेल' (२००९) मला इतकं जवळचं आहे. प्रत्येक लेव्हलचे चार भाग, आणि प्रत्येक भागाचा नकाशा व खोल्यांच्या त्रोटक नोंदी एका नजरेत. साखळदंड, ओल, बंद दार एवढं हाती आलं की बाकीचं मी माझ्या भाषेत सांगतो. हा जुना तुरुंग, कैद्यांकडूनच खोदून घेतलेला. त्यात कोबोल्ड नावाच्या बुटक्या राक्षसांचा चक्क बाजार भरतो! मित्रा, तुझ्यासाठी हेच घे.

देव, गावं, नावं बिनधास्त बदल. नकाशाला मात्र हात लावू नकोस. गेल्या कॅम्पेनमध्ये (अनेक रविवार चाललेल्या सलग खेळात) मी एक गुप्त जिना बुजवला होता, कारण त्या वाटेने पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, फार लवकर खाली पोचली असती. पुढची तीन सेशन्स सगळे एकाच दारापाशी अडकले. चौथ्या रविवारी दोघं आलेच नाहीत. ते मला अजून लागून राहिलंय.

नियमांत एक बदल कर. जुन्या डी अँड डीत बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (पात्र वरच्या पातळीला नेणारा अनुभवाचा गुण) मिळायचा, राक्षस मारून त्यामानाने फार थोडे. म्हणून खेळाडू लपायचे, बोलणी करायचे, वेळेवर पळायचे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत फक्त लढायांचे एक्सपी धरलेस, तर ते खोलीमागून खोली साफ करत सुटतील आणि टोळ्यांमधलं राजकारण वाया जाईल. अंधाराचंही तसंच. जुन्या नियमांत मशाल सहा टर्न, म्हणजे एक तास पुरते. आता निम्म्या पार्टीला डार्कव्हिजन (अंधारात दिसायची शक्ती), उरलेल्यांकडे लाइट कॅन्ट्रिप (हवा तितक्या वेळा करता येणारा उजेडाचा मंत्र). आम्ही सगळ्यांना विचारून दोन्ही बंद केले, आणि तिसऱ्याच सेशनला शेवटच्या मशालीवरून टेबलवर खरोखरची घासाघीस झाली.

'हॉल्स ऑफ आर्डन वुल'बद्दलही तू विचारलं होतंस. ११०० हून जास्त पानं आहेत, आणि वाटा व टोळ्या दोन्हींत ते मला सगळ्यात श्रीमंत वाटतं. पण पहिल्यांदा डीएम होताना ते उचलू नकोस. मी स्वतः रोज रात्री पेन्सिल घेऊन वाचतोय आणि दिवाळीनंतर सुरू करणार आहे. तोवर तुझ्या स्टोनहेलमध्ये मला एक जागा ठेव, चोराचं पात्र घेऊन येतो.