‘यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतं’ म्हणणाऱ्या भाऊंना

मत्स्यप्रेमी भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री झोपायच्या आधी वाचली, वाचायला नको होती. छोट्या टाकीत पहिल्यांदा मासे कोणते पाळावे या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की नियॉन टेट्राला मी उगाच नावं ठेवली, नव्या टाकीत पाणी तयार व्हायला (म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढायला) तीन-चार आठवडे द्यावे लागतात ते लिहिलंच नाही, आणि गप्पीची जोडी घ्या म्हणालो पण पिल्लांचं काय ते सांगितलं नाही. इथवर ठीक. पण शेवटी ‘यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतं, अनुभव शून्य’ हे काहून बाप्पा?

एक चूक आधीच कबूल करतो. प्लॅटी म्हणून जो फोटो लावला तो मॉलीचा होता. ती तुम्ही नाही, दुसऱ्या एका ताईंनी दाखवली, पण चूक ती चूक, फोटो बदललाय.

आता अनुभव. 2013 चा मे आठवते का? नागपूरचा पारा 47 च्या वर गेला होता. मी तेव्हा मानेवाड्याला वरच्या मजल्यावर राहत होतो, वर डायरेक्ट स्लॅब. सीताबर्डीहून 40 लिटरची टाकी आणली, बोअरचं पाणी भरलं आणि चौथ्या दिवशी 12 नियॉन आणून सोडले. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, एअर पंप बंद. पाण्यात थर्मामीटर घातला तर 34! पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला मात्र जास्त लागतो, हे मला कोणत्या यूट्यूबवाल्यानं नाही सांगितलं, वर येऊन तोंड उघडणाऱ्या माशांनी सांगितलं. बर्फाची बाटली सोडून बसलो, मुलगी बाजूला रडून राहिली. आठवड्यात 12 चे 12 गेले. नियॉन अ‍ॅमेझॉनकडचा मासा, त्याला मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं पाणी आणि 22 ते 26 डिग्री मानवते, आपल्या बोअरच्या पाण्यानं तर बादलीवर पांढरे थर चढतात. त्याच टाकीत पुढच्या महिन्यात, पाऊस पडल्यावर, गप्पी आणि झेब्रा डॅनिओ सोडले, ते टिकले. गप्पीला असं क्षारांचं जड पाणी चालते, आणि झेब्रा तर आपल्याच देशातल्या ओढ्यांतला मासा, त्याला ऊन नवीन नाही. म्हणून लिहिलं, की नवशिक्यानं गप्पी, प्लॅटी नाहीतर झेब्रा घ्यावा. हा अनुभव नाही तर काय आहे?

आणि सूर बघा ना स्वतःचा. समोर भेटले असते तर तर्री पोहे खाता खाता हेच बोललो असतो आणि हसून उठलो असतो. स्क्रीनमागे बसलं की माणसाला जोर येते. मी कुणाच्या अनुभवाला शून्य म्हटलं का कधी?

बाकीचं थोडक्यात. पाणी तयार होणं, अमोनिया, फिल्टरमधले बॅक्टेरिया, हे सगळं मला माहीत आहे, पण पहिल्याच लेखात घातलं तर माणूस मासे सोडून मोत्या पाळेल. लिहीन कधीतरी. गप्पीच्या पिल्लांचं म्हणाल तर मादी महिन्या-महिन्याला 20-30 पिल्लं देते, निम्मी मोठे मासेच खाऊन टाकतात, आणि एवढीच भीती असेल तर नुसते नर घ्या, दिसायलाही तेच रंगीत. (हे लेखात टाकायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. टाकतो.)

आणि हो, तुमचा प्रोफाइल फोटो मोठा करून पाहिला. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश आहे ना तो? तो मासा वाढला तर वीतभर होतो भाऊ. तो वळतो कुठं ते एकदा सांगा.