"लिव्हरचं नशीब आईच्या पोटातच ठरतं" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, नातेवाईकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पण. त्यात म्हटलंय की मुलाचं लिव्हर कसं राहणार ते आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांतच पक्कं होतं, आईने जिभेचे चोचले पुरवले की मुलाला फॅटी लिव्हर (म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं) होणारच, नंतर पथ्य करून काही होत नाही, बाळ बारीक जन्मलं तर चारून चारून भरून काढा, साखर बंद करून गूळ, मध आणि फळांचा रस द्या, आणि रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्या म्हणजे लिव्हर साफ. मला हा मेसेज वाचून खरंच राग आला, कारण त्यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्या खऱ्यावर बाकीचं सगळं खपवलंय. ज्या आईच्या मुलाच्या सोनोग्राफीत ग्रेड १, म्हणजे सौम्य, फॅटी लिव्हर आलंय तिने हे वाचलं तर ती रात्रभर स्वतःलाच दोष देत बसणार. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पोटातच ठरतं, नंतर काही उपयोग नाही"

आधी त्यातलं खरं सांगतो. आईची शुगर वाढलेली असेल तर ती वारेतून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि त्या जास्तीच्या साखरेची चरबी होते, त्यातली काही लिव्हरमध्ये बसते. अमेरिकेत नवजात बाळांचे एमआरआय काढले होते, २०१३ साली ते छापून आलं, लठ्ठ आणि प्रेग्नन्सीत डायबेटीस झालेल्या आयांच्या बाळांच्या लिव्हरमध्ये नॉर्मल वजनाच्या आयांच्या बाळांपेक्षा सरासरी ६८ टक्के जास्त चरबी दिसली. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांवर इतकी वर्षं लक्ष ठेवलंय, त्यांच्यातही सतरा-अठराव्या वर्षीच्या लिव्हरमधल्या चरबीचा आईच्या डायबेटीसशी आणि प्रेग्नन्सीआधीच्या वजनाशी संबंध दिसला.

म्हणजे सुरुवातीला फरक पडतो, हे खरं. पण त्यावरून "नंतर काही होत नाही" असं कुठून काढलं? २०१९ साली अमेरिकेत ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवर प्रयोग झाला, सगळ्यांना आधीच फॅटी लिव्हर होतं. निम्म्या मुलांच्या जेवणातून वरची साखर जवळजवळ काढून टाकली, म्हणजे कोल्ड्रिंक, ज्यूस, गोड बिस्किटं वगैरे, आणि नुसतं त्या मुलाचं नाही तर अख्ख्या घराचं जेवण बदललं (मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, मुलाला भाकरी आणि बाकीच्यांना जिलबी असं चालत नाही). ८ आठवड्यांत त्यांच्या लिव्हरमधली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली, दुसऱ्या गटातली २१ वरून २० वरच राहिली. आता १७ पण नॉर्मल नाही, नॉर्मल ५ च्या आत असते, पण दोन महिन्यांत एवढं उतरतं तर "काही उपयोग नाही" हे साफ खोटं आहे. मोठ्या माणसांतही वजन ७ ते १० टक्के उतरलं की लिव्हरची सूज कमी होते, हे कुठलाही लिव्हरचा डॉक्टर सांगेल.

आणि पोटातलं सुद्धा एकदाच ठरून बसत नाही. माकडिणींना खूप चरबीचं खाणं दिलं तेव्हा त्यांच्या पोटातल्या पिल्लांच्या लिव्हरमध्ये चरबी साठली, पण त्याच माद्यांना पुढच्या गरोदरपणात साधं खाणं दिलं तर त्या अजून लठ्ठ असूनही पिल्लांच्या लिव्हरमधली चरबी कमी निघाली. हा प्रयोग माकडांवरचा आहे, माणसाला जसाच्या तसा लावू नये, पण मेसेजवाल्याच्या "पक्कं होतं" ला यातून काही आधार मिळत नाही.

"आईच्या जिभेचे चोचले"

हा मुद्दा सगळ्यात वाईट आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात काय दिसलं? दोन तृतीयांश बायकांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं वजनाला बरी, आणि ज्यांना शेतातलं जड काम, पाणी आणणं असले कष्ट जास्त होते त्यांची बाळं लहान. यात चोचले कुठे आले? गरोदर बाईच्या डोक्यावर हंडा असतो तो तिने हौसेने घेतलेला नसतो. बी१२ कमी आणि फोलेट (बी गटातलंच एक जीवनसत्त्व) जास्त अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा परिणाम कमी होताना दिसला, आणि फॅटी लिव्हरची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. मिश्री-तंबाखूचं बघा, मुंबईतल्या १२१७ बायकांच्या अभ्यासात तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि मिश्रीची सवय कित्येकींना लहानपणी घरातूनच लागलेली असते. युरोपातल्या सहा देशांत ११०८ मुलं तपासली तर गरोदरपणी आईच्या शरीरात गेलेली कीटकनाशकं, पारा, न चिकटणाऱ्या भांड्यांच्या कोटिंगसाठी वापरतात तसली रसायनं यांचा मुलांच्या लिव्हरच्या रिपोर्टशी संबंध दिसला. हवा, पाणी, भाजीवरचं औषध हे एकट्या आईने निवडलेलं नसतं, मग सगळा दोष तिच्या जिभेवर कसा टाकता?

"बारीक बाळाला चारून भरून काढा"

पुण्याच्याच अभ्यासात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडच्या बाळांचं ३.५. पण मोजल्यावर कळलं की आपल्या बाळांचे स्नायू, पोट वगैरे बारीक असलं तरी कातडीखालची चरबी त्या मानाने तेवढी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीचं प्रमाण जास्त. हेच मोठेपणीही दिसतं. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२.

दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास आहे, त्यात ज्यांना तरुणपणी शुगरचा त्रास निघाला ते बाळपणी बारीक होते आणि दोन वर्षांनंतर त्यांचं वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत गेलं, आणि गंमत नाही सांगत, बाराव्या वर्षी त्यातलं कोणी लठ्ठ म्हणावं असं नव्हतं. म्हणजे "अजून बारीकच आहे, खाऊ दे की" हा हिशोब आपल्याकडे चुकतो. पहिल्या दोन वर्षांत बाळ नीट वाढायलाच हवं, आईचं दूध, मग वरण-भात, अंडं, नाचणी, डॉक्टरांकडे वजनाचा तक्ता, त्यात काटकसर अजिबात नको. पण पाचव्या वर्षी दुधात तीन चमचे साखर आणि हातात वेफर्सचं पाकीट म्हणजे वाढ नव्हे, आज्जी कितीही रागावल्या तरी.

"गूळ, मध, फळांचा रस चालतो"

नाही चालत, निदान या कारणासाठी तरी नाही. साखर असो, गूळ असो की मध, त्यातलं फ्रुक्टोज (साखरेचाच एक प्रकार) मोठ्या प्रमाणात लिव्हरकडेच जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी होते. आख्खं संत्रं खा, चार संत्र्यांचा रस एका घोटात नको.

"गुळवेलीचा काढा घेतला की लिव्हर साफ"

कोरोनात घरोघरी गुळवेल चालू होती. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद आहे. पण फॅटी लिव्हर "साफ" करणारा काढा म्हणून तिचा भरवसा धरावा असा पुरावा नाही. तुमचा किंवा मुलाचा एसजीपीटी (रक्ततपासणीत लिव्हरला त्रास आहे का ते सांगणारा आकडा) वाढलेला असेल आणि घरात कुठलाही काढा, चूर्ण, पावडर चालू असेल तर डॉक्टरांना त्याचं नाव सांगा, शक्य असेल तर पाकीटच घेऊन जा, "ते काय आयुर्वेदिकच आहे" म्हणून सांगायचं राहू देऊ नका.