घसरायचं त्यांनी, चढायचं आम्ही

टोरांटोचा हिवाळा घरात बसून काढता येतो असं ज्याला वाटतं, त्याला मुलं नसावीत. पहिला दणकून बर्फ पडला की वर्गातली यच्चयावत पोरं स्लेडिंगला, म्हणजे स्लेड नावाच्या बिनचाकी घसरगाडीवर बसून बर्फाच्या उतारावरून घसरायला जातात, आणि सोमवारी ज्याच्याकडे सांगायला काही नसतं त्याचं तोंड बघवत नाही. म्हणून शनिवारी आम्ही रिव्हरडेल पार्क ईस्ट गाठतो. ब्रॉडव्ह्यू अव्हेन्यूला लागून ही लांबच लांब उतरण आहे. वरून सीएन टॉवरसकट अख्खं डाउनटाउन दिसतं. फुकट आहे. फुकट म्हणजे तिकीट नाही, एवढंच.

आधी थर्मल, त्यावर फ्लीस, मग स्नोपँट, जॅकेट, बूट, मिटन्स. शेवटची चेन ओढली की धाकटीला शू लागते, हे वेगळं सांगायला नकोच. खरी परीक्षा पुढे, गाडीत. इथे मुलांच्या कारसीटमध्ये फुगीर जॅकेट घालून बसवू नये असं सांगतात. गाडी धडकली तर जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. सांगणं शंभर टक्के रास्त आहे. पण त्याचा अर्थ असा की, घरात झटापट करून चढवलेलं जॅकेट गाडीशी उतरवायचं, पट्टे आवळायचे, तेच जॅकेट वरून पांघरायचं आणि पार्कपाशी पोचल्यावर बोचऱ्या वाऱ्यात ते परत अंगात घालायचं. एव्हाना एक मिटन सीटखाली गेलेला असतो. तो कायम उजव्या हाताचाच असतो.

सुरक्षेचं खातं बायकोकडे. स्लेडवर बसायचं, पोटावर झोपायचं नाही. पाय पुढे, डोकं मागे. हेल्मेट हॉकीचं नाहीतर स्कीचं. खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय निघायचं नाही. अंधाराच्या आत घरी, आणि डिसेंबरात इथे पावणेपाचलाच सूर्य मावळतो. मफलर बंद, कारण तो कशात अडकला तर गळ्याला फास बसतो. त्यामुळे आईने सांगलीहून विणून पाठवलेला मफलर फोटोपुरता गुंडाळायचा आणि फोटो झाला की खिशात कोंबायचा. बायको टेकडीच्या माथ्यावरून या सगळ्या सूचना मराठीत देते. आमची मुलं सोडून बाकी सगळी मुलं त्या पाळतात.

२०२४च्या जानेवारीत महापालिकेने शहरातल्या ४५ टेकड्यांवर स्लेडिंगला बंदी घातली. कुठे झाडं आडवी येतात, कुठे खांब, कुठे कुंपण. परवानगी उरली २९ ठिकाणी. लोक खवळले, पोरांची मजासुद्धा बघवत नाही का, म्हणाले. मीही चारचौघांत मान हलवली. मनात मात्र आलं, एवढं केलंच आहे तर उरलेल्या २९ कशाला ठेवल्या?

कारण घसरणं दहा-बारा सेकंदांत आटपतं. मग चढायचं असतं. मधून नाही, कडेने चढायचं, म्हणजे वरून येणारा अंगावर आदळत नाही. कडेचा बर्फ इतरांच्या बुटांनी तुडवून गुळगुळीत झालेला. दोन पावलं वर, एक खाली. हातात स्लेडची दोरी आणि स्लेडवर धाकटी, कारण ती दमली आहे. घसरून दमली आहे! आजूबाजूला तमीळ बाप, चिनी बाप, युक्रेनियन बाप, सगळ्यांच्या हातात तीच दोरी आणि चेहऱ्यावर लिफ्ट बंद असताना गॅसचा सिलिंडर पाचव्या मजल्यावर नेणाऱ्या माणसाचा भाव. कुणी कुणाशी बोलत नाही. बोलायला श्वास लागतो.

मध्येच थोरला म्हणतो, "बाबा, तुम्ही पण बसा ना!" बसलो. वजनदार माणूस जास्त जोरात जातो, हे शाळेत नुसतं वाचलं होतं. टाचा रोवून वेग कमी करायचा असतो, त्या रोवल्या, तर उडालेला सगळा बर्फ तोंडात आला. समोर एक कुत्रा. अशा वेळी स्लेड सोडून बाजूला लोळायचं, हाही नियमच आहे, आणि तो मी तंतोतंत पाळला. स्लेड एकटीच पार खालच्या मैदानापर्यंत गेली. कुत्रा जागचा हलला नाही. वरून टाळ्यांचा आवाज आला, त्यात एक ओळखीच्या बांगड्यांचा होता.

संध्याकाळी बायकोने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. सांगलीत तेव्हा पहाट. पण आई उठलेली असतेच. तिने विचारलं, मुलांच्या कानात कापूस घातला होता का, आणि मफलर कुठे गेला? मामांनी आधी दोन अंगठे पाठवले आणि मागोमाग लिहिलं, "फारच सुंदर. खाली येणं कळलं. पण वर जायला काय सोय आहे?"

सोय तेव्हा सोफ्यावर पालथी पडली होती आणि बायको तिच्या कमरेला मूव्ह चोळत होती.