"कितीही घाला" हे काही पटलं नाही

किडे हे कोंबडीचं नैसर्गिक खाणं, त्यामुळे कितीही घातले तरी चालतं, हे कोंबड्यांना किडे घालण्यावरच्या लेखातलं वाक्य वाचून थांबलोच. अहो, दिवसभर माती उकरून चार किडे शोधणारी कोंबडी वेगळी आणि वाडगाभर सुके मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) आयते खाणारी वेगळी! मी पण हौसेने रोज मूठमूठ टाकायचो, डबा वाजला की सगळ्या धावत यायच्या, बघायला मजा यायची, पण मग लेयर फीडला, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्याला, तोंडच लावेनात आणि पातळ कवचाची अंडी यायला लागली, एक तर हातातच फुटलं. सुक्या मीलवर्ममध्ये प्रोटीन जवळपास 50 टक्के, फॅटही भरपूर, पण कवचासाठी लागणारं कॅल्शियम नावालाच. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम लागतं, ते कुठून येणार?

आता दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त किडे देत नाही, तेही संध्याकाळी, फीड खाऊन झाल्यावर, आणि कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवतो. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मीलवर्मपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यांचा लेखात साधा उल्लेखही नाही, कमाल आहे.