चांदी भरली म्हणून दाढ लोखंडाची होत नाही

महिन्याभरात चार-पाच पेशंटांनी मला एकच मेसेज दाखवला: ‘दाढेत चांदीच भरा, दाढ पहिल्यापेक्षा मजबूत होते. पांढरं सिमेंट तकलादू. रूट कॅनलनं दाढ ठिसूळ होते, आणि कॅप म्हणजे पैसे काढायचा धंदा.’ सोलापुरात रोज दाढाच बघते, म्हणून उत्तर देते.

आधी चांदी, म्हणजे अमाल्गम हा मिश्रधातू. तिच्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. बाकी खरी चांदी, कथील, तांबं. चावण्याचा दाब ती उत्तम सोसते, वर्षानुवर्षं टिकते, हे मान्य. पण टिकतो तो भराव. चांदी दाताला चिकटत नाही; खड्डा आत रुंद, तोंडाशी अरुंद कोरतात, त्यात ती अडकून बसते. दाढेच्या भिंती सुट्याच राहतात. परवा साखर पेठेतल्या एक मावशी रुमालाच्या गाठीत दाढेचा तुकडा बांधून आल्या. कडक भाकरी चावताना कट्‌कन आवाज आला म्हणाल्या. आत चांदी जागच्या जागी, शेजारची भिंत गेलेली.

‘पांढरं सिमेंट’ म्हणजे नेमकं कुठलं? ग्लास आयोनोमर हे काचेच्या भुकटीचं सिमेंट चघळायच्या दाढेतल्या मोठ्या खड्ड्यात झिजतं, तुटतं. त्याला तकलादू म्हटलं तर मी भांडणार नाही. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिन, वेगळं. ॲसिडनं दात खरखरीत करून, बॉन्ड (चिकटवणारा द्रव) लावून ते भरतात, त्यामुळे भिंती बांधल्या जातात. मात्र कडक होताना ते आक्रसतं, म्हणून साधं कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनीच भरायचं. मध्येच लाळ लागली की बॉन्ड गेलाच.

रूट कॅनलवरचा आरोप तर साफ चुकीचा. काढलेल्या उपदाढांवरचा एक प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. रूट कॅनलसाठी पाडलेल्या वाटेनं दाताचा ताठपणा अवघा ५ टक्के घटला. पुढच्या-मागच्या दोन्ही कडा कापणाऱ्या खड्ड्यानं तब्बल ६३ टक्के. दाढ कमजोर होते ती कडा गेल्यानं, आणि त्या बहुतेकदा किडीनं आधीच खाल्लेल्या असतात.

म्हणून कॅप. सरसकट नाही! समोरचा दात असेल, कडा शाबूत असतील, तर ‘कॅप कशाला?’ असं डॉक्टरांना बेधडक विचारा. पण रूट कॅनल झालेल्या, कडा गेलेल्या दाढेचे उंचवटे झाकले नाहीत, तर चावताना भिंती फाकतात.

मावशींची भिंत हिरडीच्या वरच तुटली होती, म्हणून कॅप बसवता आली. चीर दाढेच्या मुळामध्ये खोल गेली असती, तर दाढ काढावी लागली असती.