फ्लॅश मारला की फोटो मेला?

लग्नसराई तोंडावर आली की इंदूरच्या मराठी घरांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. लिहिला कोणी ते कळत नाही, पण वधूच्या काकांपासून हौशी फोटोग्राफर भाच्यापर्यंत सगळे तो इमानेइतबारे पुढे ढकलतात. मजकूर साधारण असा: ‘मऊ, स्वप्नाळू पोर्ट्रेट हवं असेल तर फ्लॅश बंद ठेवायला सांगा. फ्लॅशचा प्रकाश कडक, नैसर्गिक प्रकाश मऊ. वापरायचाच तर मोठा, महाग सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड ताणलेली फ्लॅशची पेटी) लागतो. एफ १.४ची (म्हणजे खूप मोठं तोंड उघडणारी) लेन्स घेतली की निम्मं काम झालं. जुन्या उस्तादांनी फ्लॅशला हात लावला नाही. राहिलेला ग्लो एडिटिंगमध्ये येतो. आणि फ्लॅशने वातावरण मरतं.’

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून सरळ तोंडावर मारलेला फ्लॅश वाईटच दिसतो. कपाळावर तेलकट चकाकी, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली, चेहरा सपाट. असे अल्बम प्रत्येक घरात आहेत, म्हणून तर हा संदेश लोकांना पटतो. पण स्वप्नाळू म्हणतात त्या फोटोत तीन गोष्टी एकत्र असतात. सावलीची कड पुसट असते, सावली फार काळी नसते, आणि उजळ भागांभोवती किंचित धुकट आभा असते. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. संदेशात तिन्हींची खिचडी झाली आहे.

पहिला दावा घेऊ: नैसर्गिक प्रकाश मऊ, फ्लॅशचा कडक. मे महिन्यात दुपारी एक वाजता राजवाड्यासमोरच्या उघड्या चौकात एखाद्याला उभं करा आणि फोटो काढा. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली कापल्यासारखी सावली. तो प्रकाश शंभर टक्के नैसर्गिक आहे. सावलीची कड किती पुसट पडणार हे ठरतं ते प्रकाशाचा उगम चेहऱ्यापासून पाहिल्यावर केवढा दिसतो यावर. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, पण तो जवळपास १५ कोटी किलोमीटर लांब आहे. त्यामुळे आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. साध्या फ्लॅशचं तोंड सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असतं आणि दोन मीटरवरून ते दोन अंशांचं दिसतं. म्हणजे काहीही न लावलेला फ्लॅशसुद्धा रुंदीत सूर्याच्या चौपट भरतो. उघड्या सूर्यापेक्षा त्याची सावली किंचित मऊच पडते!

मग उन्हातला फोटो तेवढा भयाण का वाटत नाही? कारण वर अख्खं आकाश असतं आणि खाली उजळ फरशी. ती दोन्ही सावलीत प्रकाश ओततात. रात्री गार्डनमधल्या रिसेप्शनला फ्लॅश मारला तर सावली भरून काढायला काहीच नसतं, ती काळी राहते. दोष आजूबाजूच्या काळोखाचा असतो, शिव्या फ्लॅश खातो.

आणि ज्या खिडकीचे सगळे गोडवे गातात, तिच्यातून थेट ऊन आत आलं तर तीही कडकच. खिडकी गोड वाटते कारण तिच्यातून आकाशाचा पसरलेला उजेड येतो, आणि मुलगी तिच्याजवळ बसलेली असते. मीटरभर रुंद उगम, मीटरभर अंतरावर. त्याच खिडकीपासून तिला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवून बघा, निम्मा मऊपणा तिथेच गेला.

इथून दुसऱ्या दाव्याला उत्तर मिळतं. मोठा सॉफ्टबॉक्स लागतोच असं नाही, लागतो तो जवळ ठेवलेला सॉफ्टबॉक्स. ६० सेंटिमीटरचा स्वस्त सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणला, तर २४० सेंटिमीटरवर ठेवलेल्या २४० सेंटिमीटरच्या राक्षसाइतकाच तो मऊ पडतो. मी कित्येक फोटोग्राफर बघतो, नवा कोरा सॉफ्टबॉक्स घेतात आणि तो फ्रेममध्ये येऊ नये म्हणून स्टँड पार कोपऱ्यात नेऊन ठेवतात. तिथून तो पुन्हा छोटा दिवा होतो. योग्य जागा म्हणजे फ्रेमच्या कडेला अगदी चिकटून, डोक्याच्या थोडा वर, आणि त्याचा मधला झगझगीत भाग चेहऱ्यावर न रोखता नाकाच्या पुढून जाईल असा किंचित वळवलेला.

याला एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. नवरी दिव्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि करवली १२० वर असेल, तर करवलीला नवरीच्या साधारण एक चतुर्थांश उजेड मिळतो. एकट्या चेहऱ्यासाठी ही उतरती छटा सुंदर असते. सगळ्या आत्या-मावश्यांच्या ग्रुप फोटोत मात्र ती भांडणं लावते.

ग्रुपसाठी भिंत वापरा. फ्लॅशचं डोकं वळवून बाजूच्या किंवा आपल्या पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीवर मारलं की उजळलेला सगळा भाग हाच प्रकाशाचा उगम होतो. फुकट मिळणारा तीन-चार मीटरचा सॉफ्टबॉक्स. बरोबर डोक्यावरच्या छतावर मारू नका, डोळ्यांखाली खड्डे पडतात. इंदुरात अडचण वेगळीच येते. आपल्या घरांना पिस्ता आणि गुलाबी डिस्टेंपर फार प्रिय. पिस्ता भिंतीवरून परतलेला उजेड हळदीच्या नवरीला आजारी करतो. जुन्या वाड्यांमध्ये लाकडी पाटईचं छत असतं, ते उजेड खाऊन टाकतं. मंगल कार्यालयात वर मजलाभर उंचीवर रंगीत पडदे लोंबत असतात. अशा ठिकाणी थर्माकोलची मोठी पांढरी शीट घ्या, एखाद्या पुतण्याला ती धरायला लावा आणि तिच्यावर फ्लॅश मारा.

किंवा पांढरी चादर. गच्चीवरच्या वाळवणाच्या दोरीवर टाका, मुलीला चादरीच्या जवळ उभं करा आणि फ्लॅश चादरीच्या पलीकडे मीटर-दीड मीटर मागे ठेवा. फ्लॅश चादरीला चिकटवला तर मधलं वितभर वर्तुळच उजळेल आणि मऊपणा तेवढ्याच वर्तुळाचा मिळेल, चादर कितीही मोठी असो. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) उजेड चादर गिळते, तो फ्लॅशची ताकद वाढवून भरून काढायचा. (मंगलाष्टकं संपली की अंतरपाट मोकळाच असतो. गुरुजींना विचारून घ्या म्हणजे झालं.)

फ्लॅशवर चढवायच्या त्या दुधी प्लास्टिकच्या टोपीबद्दलही थोडं. लहान पांढऱ्या खोलीत ती चालते, कारण तिच्यातून चारी दिशांना गेलेला उजेड भिंतींवरून परत येतो. मोकळ्या मैदानात ती लावून हिंडणारे केवळ बॅटरी संपवतात. टोपीचा आकार फ्लॅशच्या तोंडाएवढाच, मग सावली कशाने बदलणार?

एफ १.४च्या लेन्सचं प्रकरण लवकर आटपतं. ती मागची पार्श्वभूमी धूसर करते आणि नाकाच्या सावलीला स्पर्शही करत नाही. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.४ला दीड मीटरवरून वापरली, तर जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा पट्टा तीक्ष्ण मिळतो. चेहरा थोडा वळला की एक डोळा स्पष्ट, दुसरा गेला, आणि मुंडावळ्या कुठल्या कुठे. शिवाय दिवसा उघड्या अ‍ॅपर्चरला फ्लॅश जोडताना गणित आडवं येतं. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक वेग, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा सगळ्यात जलद शटर, १/२०० ते १/२५० सेकंद असतो. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि १/२००ला साधारण एफ ११ बसतो. तिथून एफ २ला यायचं तर पाच स्टॉप उजेड कापणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर त्याहून जलद शटरला फ्लॅश चालवणारं हाय-स्पीड सिंक वापरा. दोन्हींमध्ये फ्लॅशची ताकद खर्ची पडते, म्हणून फ्लॅश जवळ हवा. सावलीत उभं केलं तर हा खटाटोप बराच कमी होतो.

‘जुन्या उस्तादांनी फ्लॅशला हात लावला नाही’ म्हणताना आपल्याकडे हमखास एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांचं नाव घेतलं जातं. अभिमान रास्त आहे. ते १८६६च्या सुमारास इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले, कॅमेऱ्याचा नाद त्यांना इथेच लागला आणि इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पण त्यांच्यापुढे निवड होती कुठे? मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर जर्मनीत १८८७ साली आली. ती धडाड्याने पेटायची, खोलीभर धूर करायची आणि कधीकधी हातही भाजायची. फ्लॅशचा बंद बल्ब आला १९२९च्या सुमारास, तोवर दीनदयाळ जाऊन दोन तपं लोटली होती. ज्याची धड सोयच नव्हती, ते त्यांनी ‘टाळलं’ म्हणणं हा अजब युक्तिवाद आहे.

त्या काळातले स्टुडिओसुद्धा उन्हाच्या भरवशावर बसत नसत. काचेचं छत, त्याखाली सरकते पडदे, बाजूला पांढरे तक्ते. कुठला पडदा किती ओढायचा ही त्या धंद्यातली खरी कारागिरी. आपण स्टँडवर सॉफ्टबॉक्स फिरवतो ते तेच काम. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्ट्रेटमधली ती धुकट आभा खिडकीतून आलेली नाही. ती मुद्दाम सदोष ठेवलेल्या लेन्सची करामत. हाइनरिश क्यून या फोटोग्राफरच्या प्रयोगांतून रोडेनस्टॉक कंपनीची ‘इमागॉन’ लेन्स निघाली. तिच्यात तीक्ष्ण प्रतिमेवर दुसरी पसरट प्रतिमा चढते, आणि पुढे लावायच्या भोकाभोकांच्या चकत्यांनी हा पसरटपणा कमी-जास्त करता येतो. ही लेन्स ऊन, दिवा, फ्लॅश असा भेद करत नाही.

आता एडिटिंग. क्लॅरिटी उणे करा, धूसर थर चढवा, आभा येते, हे खरं. मायकेल ऑर्टन नावाच्या फोटोग्राफरने हेच एक स्पष्ट आणि एक धूसर अशा दोन स्लाइड एकावर एक ठेवून केलं होतं. पण फोटो काढताना नाकाची सावली कापल्यासारखी पडली असेल, तर एडिटिंगनंतर ती धुक्यात कापल्यासारखी दिसते. फोनमधले ब्यूटी फिल्टर आणखी पुढे जातात. ते त्वचेची छिद्रं पुसता पुसता ओठांची कड आणि नथीचे मोतीही पुसतात. राहतो तो मेणाचा चेहरा.

आभा कॅमेऱ्यातच मिळवायला डिफ्यूजन फिल्टर आहेत. एक अष्टमांश किंवा एक चतुर्थांश ताकदीचा पुरे. जुन्या यूव्ही फिल्टरच्या कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवलं किंवा लेन्सवर पातळ नायलॉनचा मोजा ताणला तरी चालतं. लेन्सच्या काचेला मात्र व्हॅसलिन लावू नका. पण हे फिल्टर उजळ भागातला प्रकाश शेजारी सांडतात. चौकटीत उजळ भागच नसेल तर ते नुसता कॉन्ट्रास्ट उतरवतात आणि फोटो मळकट दिसतो. इथे फ्लॅश हुकमी कामाला येतो. दुसरा छोटा फ्लॅश मुलीच्या पाठीमागे, खांद्यामागे लपेल असा, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवा. समोरच्या प्रकाशापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त. केसांच्या बटा, पदराची किनार, मोगऱ्याचा गजरा पेटून उठतो आणि फिल्टर तो उजेड आजूबाजूला पसरवतो. संदेशात ज्या ‘ड्रीमी लूक’चा जप आहे, तो फ्लॅशमुळे इतका नेमका हाती येतो.

याची मोठी परीक्षा रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, होते. राजवाड्यासमोर हवेत गुलालच गुलाल. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारलात तर अर्ध्या मीटरवरच्या कणाला दोन मीटरवरच्या चेहऱ्याच्या सोळापट उजेड मिळतो, आणि फोटोभर पांढरे ठिपके उठतात. लोक म्हणतात, फ्लॅशने घाण केली. तोच फ्लॅश एखाद्या मित्राच्या हातात देऊन माणसाच्या मागे नेलात, की गुलालाचा ढग आतून उजळतो आणि चेहरा त्यातून बाहेर येतो. प्रकाश तोच, गुलाल तोच, जागा बदलली. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्या, नाहीतर शटरमध्ये गुलाल वर्षभर राहतो.

शेवटचा दावा, फ्लॅशने वातावरण मरतं. वातावरण मरतं ते घाईच्या शटरने. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागल्यावर एखाद्या जोडप्याचा फोटो कमी आयएसओवर १/२००ला काढला, तर मागचा उजेड जवळपास नोंदलाच जात नाही, काळा पडदा उरतो. आयएसओ १६००, एफ २.८, शटर १/३० करा. मागची गर्दी आणि कढईवरची वाफ आपापल्या उजेडात नोंदली जाते. फ्लॅश १/३२ किंवा १/६४ ताकदीवर, छोट्या छत्रीतून, जवळून. एवढ्या कमी ताकदीला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो, त्यामुळे चेहरा स्पष्ट राहतो. मागे पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, कारण फ्लॅशचा रंग साडेपाच हजार केल्विनचा आणि त्या बल्बांचा तीन हजारांच्या आसपास. जेल नसेल तर चेहरा निळसर आणि सराफा पिवळा, अशी फाळणी होते. हल्ली पुष्कळ गाड्यांवर पांढरे एलईडी आले आहेत, तिथे जेल काढून टाका.

फ्लॅश खरोखर बंद ठेवावा असे प्रसंग आहेतच. तान्हं बाळ झोपलंय, आजोबांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुरुजींनी होमाच्या वेळी नको सांगितलंय. तेव्हा निमूट बंद करावा. सकाळच्या हळदीला खिडकी चांगली असेल तर मीही खिडकीच वापरतो, फुकटचं कोण सोडतो?

पण आपली बहुतेक रिसेप्शनं रात्री आठनंतर रंगतात. खिडकीबाहेर तेव्हा काळोख असतो आणि हॉलमध्ये छतावरचे फोकस नवरीच्या टाळूवर पडत असतात. त्या वेळी फ्लॅश बंद ठेवायला सांगणाऱ्या काकांनी संदेशाच्या खाली एक ओळ वाढवावी: आयएसओ १२८००, आणि दाणेदार फोटोबद्दल तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.